विहिरीचा दिवस

आजचा शास्त्रभाग: निर्गम 12:1-28 आणि अनुवाद 16:9-12



गेले काही दिवस आपण पीडांचे अध्याय वाचत होतो. नदीचं पाणी रक्त झालं, बेडूक आले, टोळ आले, तीन दिवस अंधार पडला. आज बाराव्या अध्यायात पाऊल टाकलं की एकदम कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटतं. कोकरू एक वर्षाचं हवं, ते दहाव्या तारखेला बाजूला काढायचं, चौदाव्याला संध्याकाळी कापायचं, शिजवायचं नाही तर विस्तवावर भाजायचं, सोबत बेखमीर भाकरी आणि कडू भाजी. जोडे पायात, काठी हातात. सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवायचं नाही. इतक्या मोठ्या सुटकेच्या तोंडावर देव मोशेला फौज कशी उभी करायची ते सांगत नाही, जेवण कसं करायचं ते सांगतो. आणि लोक अजून मिसरातच आहेत हं! सुटका व्हायच्या आधीच तिचा सण कसा पाळायचा ते सांगून झालं.

त्याच ओघात 26वे वचन येतं. पुढे तुमची मुलं तुम्हाला विचारतील की हे तुम्ही काय करता, याचा अर्थ काय. तेव्हा त्यांना उत्तर द्या. हाच प्रश्न निर्गमच्या तेराव्या अध्यायात पुन्हा आहे, अनुवादच्या सहाव्यात आहे, यार्देन ओलांडल्यावर उचललेल्या बारा दगडांपाशी यहोशवाच्या चौथ्यातही आहे. म्हणजे देवाने आठवण जपायचं काम आधी घरावर सोपवलं. तेही अशा रीतीने, की मोठ्यांनी काहीतरी हातांनी करायचं, लहानांनी ते बघून विचारायचं आणि मग गोष्ट सांगायची. आधी करणं, मग विचारणं, मग सांगणं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. पोरांना समोर बसवून आधी सांगत सुटतो आणि ती खिडकीबाहेर बघत बसतात.

आमच्या घरातही असा एक दिवस आहे. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना तो माहीत आहे, कारण मी त्याबद्दल दोनदा लिहिलंय. आज तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन्ही वेळी मी गोष्ट अर्धीच सांगितली होती.

आमचं गाव ब्राह्मणपुरी, शहादा तालुका. काळी जमीन, वर सातपुडा. माझा जन्म व्हायच्या आदल्या वर्षी आजोबांनी मळ्यात विहीर खोदायला काढली. आखाजी होऊन गेली होती. बाहेरच्यांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि जुन्या रीतीप्रमाणे सालदाराचं नवीन सालही त्याच दिवसापासून धरतात. मे महिन्याचं ऊन. खाली दोन माणसं पहारीने मुरूम फोडायची, टोपल्यात भरायची, वरून दोर ओढून टोपलं काढायचं. विहीर चाळीसेक फुटांवर गेली होती. दुपारचं पाणी पिऊन खालचे दोघं पुन्हा कामाला लागले आणि एका बाजूची दरड ढासळली.

त्या दोघांपैकी एक माझे वडील. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते छातीपर्यंत मातीत गाडले गेले होते, पण तोंड मोकळं होतं. गावातली पन्नास-साठ माणसं मळ्यात धावली. दरड पुन्हा येईल या भीतीने कोणी पहार चालवेना, हातांनीच माती उपसली. दिवेलागणीला आप्पांना वर काढलं. दोन फासळ्या मोडलेल्या, डाव्या पायाचा अंगठा गेलेला, पण माणूस जिवंत. आजीने तिथेच मळ्यात, सगळ्यांसमोर, गुडघे टेकले. तोपर्यंत ती प्रार्थनेला आजोबांच्या मागे मागे, तोंडदेखली बसायची. त्या दिवसापासून ती पुढे बसायला लागली.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला तिने एक जेवण केलं. दादरची भाकरी, तीही तूप न लावता. कडुनिंबाचा कोवळा पाला वाटून केलेली चटणी. शेवटी गुळाचा सांजा. पाडव्याला कडुनिंब आणि गूळ खायची आपल्याकडे रीत आहेच, तीच तिने उचलली. तिला निर्गम 12 वाचता येत नव्हतं. आजोबांनी वाचून दाखवलं असेल, किंवा नसेलही. कडू आधी आणि गोड नंतर, एवढं तिचं तिने ठरवलं. घरात या दिवसाचं नाव पडलं विहिरीचा दिवस.

मोठा झाल्यावर मी त्यात एक भर घातली. बाराव्या अध्यायाचं 26वे वचन वाचून माझ्या डोक्यात आलं, की घरातल्या सगळ्यांत लहान मुलाने जेवणाआधी प्रश्न विचारावा: हा दिवस आपण का पाळतो? आणि मी उत्तर द्यावं. आधी माझ्या थोरल्याने विचारलं, गेली चार वर्षं धाकटी विचारते. तिला आता नववं लागलंय.

घराघरातून असा सण जपला की त्याला किती बळ येतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात आहे. बेने इस्राएल लोकांचं. त्यांच्या घराण्यांत चालत आलेली कथा अशी, की शेकडो वर्षांपूर्वी एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष व सात बाया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ, सामान, सगळं समुद्रात गेलं. वाचलेली माणसं कोकणातल्या गावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावंही गावांवरून आली: पेणकर, रोहेकर, केहीमकर, नवगांवकर. जवळ पुस्तक नाही, धर्मगुरू नाही, सभास्थान नाही. सुंता, शब्बाथ, खाण्यातले विधिनिषेध आणि इस्राएलाच्या श्रवण-प्रार्थनेचे पहिले शब्द, एवढं मात्र टिकलं.

सणही टिकले, पण त्यांची नावं बघा कशी मराठी झाली. मुंबईत राहून गेलेल्या हाईम सॅम्युएल केहीमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास लिहिला, त्यात ही जुनी नावं नोंदलेली आहेत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला म्हणायचे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचे, पांढरे कपडे घालायचे आणि बाहेरच्या कोणाला शिवायचे नाहीत. एक होता खिरीचा सण. एस्तेरच्या पूरीमला म्हणायचे होळीचा सण, कारण तो होळीच्या आसपास येतो. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक म्हणजे बिरड्याचा सण, त्या दिवशी वालाचं बिरडं खायचे. आणि आपल्या आजच्या अध्यायातला वल्हांडण? आंबवलेल्या रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. खमीर घरात चालत नाही हे त्या झाकणातून लक्षात राहिलं. मला हे फार आवडतं. सगळी निर्गमची कथा विस्मरणात गेली तरी भांड्यावरचं झाकण विसरलं गेलं नाही. पुढे बाहेरून शिक्षक आले, ग्रंथ आले, तेव्हा या लोकांच्या हातांना काय करायचं ते आधीच माहीत होतं. फक्त त्याचा अर्थ विचारायचा राहिला होता. 1846 साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली, 1874 साली पुण्यातही निघाली. पुण्याच्या प्रतीत चित्रं आहेत. त्यात लुगडं नेसलेल्या बाया जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. आपल्या आयाबाया बसतात तशाच.

आणि त्यांचा मलिदा. आपल्याकडे हा शब्द आता लाच खाण्यासाठी वापरून पार नासवला आहे, पण बेने इस्राएल घरात मलिदा म्हणजे उपकारस्तुतीचं ताट. भिजवलेले पोहे, खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. एलियाहू हनबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं स्मरण करून देवाला प्रार्थना करायची आणि मग ते वाटायचं. लग्न ठरलं, नवं घर घेतलं, आजारी माणूस उठून बसला, नवस फेडायचा आहे, प्रवासातून कोणी सुखरूप आलं, की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलीयाचा रथ तिथे टेकला होता, असं ते मानतात, आणि आजही तिथे जाऊन मलिदा करतात. इस्राएलला गेलेली कुटुंबंसुद्धा लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांत मलिदा करतात. समुद्र दुभंगण्याची सुटका वर्षातून एकदा आठवायची, आणि ताप उतरण्याची सुटका ताप उतरेल त्या आठवड्यात. रोजच्या जगण्यात देवाचे उपकार मानायचे म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आता यंदाच्या विहिरीच्या दिवसाकडे येतो.

आजी जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत दिवस मोठा होत गेला. आधी नात्यातली चार घरं, मग शहाद्याहून पाळकसाहेब, मग अंगणात मांडव आणि भाड्याच्या खुर्च्या. मागच्या वर्षी माईक लावला. मी साक्ष दिली, लोकांनी हालेलूया म्हटलं. सांज्याबरोबर जिलेबी आली. कडुनिंबाची चटणी पाहुण्यांना आवडत नाही म्हणून ती वाटीएवढीच उरली, तीही घरच्यांसाठी.

यंदा सगळे बसले, आणि धाकटीने नेहमीचा प्रश्न विचारला. मी नेहमीचं उत्तर दिलं. विहीर, दरड, दिवेलागण, आजीचे गुडघे. ऐकून झाल्यावर ती बसायला हवी होती. बसली नाही. तिने विचारलं, "पण खाली दोघं होते ना? मग दुसऱ्यांचा दिवस कोण करतं?"

मांडवात कोणीतरी हसलं. लहान मुलं काहीही विचारतात तसं. आप्पा हसले नाहीत. पाळकसाहेबांनी लगेच प्रार्थनेला सुरुवात केली.

दुसरा माणूस आमचा सालदार होता. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं, तोवर काही उरलं नव्हतं. घरी बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लपवलेलंही नव्हतं. फक्त माझ्या उत्तरात ते कधी नसायचं, कारण साक्षीत ते बसत नाही. देवाने माझ्या वडिलांना वाचवलं, हे वाक्य तेव्हाच चांगलं वाटतं जेव्हा खाली एकच माणूस असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मला म्हणाले, मळ्यात चल. त्या विहिरीच्या काठावर बसलो. हो, ती विहीर पुढच्या वर्षी पुरी केली, पक्की बांधून काढली. तिला पाणी लागलं. त्या पाण्यावर आमची केळी झाली, माझं कॉलेज झालं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पाणी पिऊन आम्ही परत उतरलो तेव्हा ऊन माझ्या बाजूला आलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, आठे या, सावली शे." आणि आम्ही जागा बदलली.

एवढंच. चाळीस वर्षांच्या आसपास होत आली, त्यांनी हे आजीशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

वाचकहो, इथे काही जण म्हणतील, की बघा, एकाच्या जागी दुसरा मेला, यात केवढा आत्मिक धडा आहे. मी ते म्हणणार नाही, आणि तुम्हीही त्या घरी जाऊन म्हणू नका. प्रभू येशूने आपला जीव आपण होऊन दिला. त्या माणसाने फक्त सावलीची जागा दिली होती, जीव मागायला त्याला कोणी विचारलं नव्हतं. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेल्याची गोष्ट निघते, तेव्हा प्रभू काय म्हणतो ते वाचा. ते काही इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते, असं तो स्पष्ट सांगतो. कोण का वाचला आणि कोण का मेला, याचा हिशेब तो आपल्या हाती देत नाही. ऐकणाऱ्यांनाच मागे वळायला सांगतो.

त्या रात्री मी निर्गम 12 पुन्हा काढला. शंभरदा वाचलेला अध्याय. चौथं वचन मी कधी थांबून वाचलंच नव्हतं. घर लहान असेल, एक कोकरू संपणार नसेल, तर शेजारच्या घराला बरोबर घ्या, माणसं मोजून. म्हणजे 26व्या वचनातल्या मुलाचा प्रश्न येण्याच्या कितीतरी आधी, चौथ्यातच, शेजारी पंगतीला बसलेला आहे! मी प्रश्न उचलला होता आणि शेजारी सोडून दिला होता.

तिथून अनुवाद 16 ला गेलो. तिथे सणाला कोणी कोणी आनंद करायचा याची यादी आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, लेवी, उपरा, अनाथ, विधवा. आणि लगेच कारण दिलंय, की तू मिसरात दास होतास हे विसरू नकोस. आमच्या मांडवात यातलं पहिलं निम्मं होतं. दुसरं निम्मं दोन गल्ल्या पलीकडे राहत होतं आणि माईकवरून माझी साक्ष ऐकत होतं. एस्तेर 9:22 मध्ये पूरीमचे दिवस ठरले तेव्हाही हेच: मेजवानी करा, एकमेकांकडे ताटं पाठवा आणि गरिबांना द्या. एस्तेरच्या मूळ इब्री पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, पण हे ताट मात्र येतं. आणि करिंथच्या मंडळीला पौल 1 करिंथ 11 मध्ये कशावरून रागावतो? एकजण आपलं जेवून मोकळा होतो आणि दुसरा उपाशी राहतो, म्हणजे ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. आम्ही कोणाला उपाशी ठेवलं नव्हतं, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण लाजवलं होतं, हे खरं.

कडू भाजीचंही तसंच. ती पाहुण्यांना आवडावी म्हणून ठेवलेली नाही. यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री दहा पीडांची नावं घेताना प्याल्यातून द्राक्षारसाचा एकेक थेंब बाहेर काढतात. आपल्या सुटकेत मिसरी माणसं मेली, म्हणून आपला प्याला काठोकाठ भरलेला नको, असा त्याचा अर्थ पुष्कळ जण सांगतात. शत्रूंसाठी ते दहा थेंब काढतात. आमच्या मातीत आमच्या कामासाठी उतरलेल्या माणसासाठी मी एक वाटी चटणीही नीट ठेवली नाही.

नवगावला मी एकदा गेलो आहे. अलिबागला एका लग्नाला गेलो होतो, दुपार मोकळी होती. तेव्हा मला वाचलेल्या चौदा जणांची गोष्ट तेवढी ठाऊक होती. तिथे गेल्यावर कळलं, की त्या किनाऱ्यावर बघायला आहे ते जे बुडाले त्यांचं दफनस्थान. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं तिथे पुरली, पुरुषांची एकीकडे आणि बायकांची एकीकडे, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या जागी आता स्मारक आहे. वाचलेल्यांच्या वंशजांनी आपल्या सुटकेची जागा म्हणून जी जपली, ती न वाचलेल्यांची कबर आहे. त्या वेळी मी फोटो काढला आणि परत आलो. आता या गोष्टीने माझी झोप घालवली.

कारण आमच्या आजीला हे कळत होतं. तिने जेवणाच्या आधी एक काम लावून दिलं होतं, आणि ते करणारा मीच होतो. भाकरी, चटणी, सांजा, सगळं एका ताटात काढून, वर स्वच्छ रुमाल टाकून ती माझ्या हातात द्यायची. त्या काकूंच्या घरी न्यायचं. ताकीद अशी, की उंबऱ्यावरून ताट देऊन पळायचं नाही, आत जाऊन बसायचं, काकूंनी पहिला घास घेतला की मगच उठायचं. मला ते नकोसं वाटायचं. त्या घरात कोणी फार बोलायचं नाही, आणि इकडे घरी सांजा थंड होत असायचा. आम्ही परत गेल्याशिवाय आजी कोणाला वाढायची नाही. आजोबांनी त्या घरी पाच वर्षं धान्य दिलं आणि मग झालं असं धरलं. माणसाच्या जिवाचा हिशेब आम्ही पाच वर्षांत बंद केला. आजीने मात्र कधी हिशेब केला नाही, ती मरेपर्यंत ताट पाठवत राहिली.

ती गेल्यावर पहिल्या वर्षी घरात दुःख होतं म्हणून ताट गेलं नाही. दुसऱ्या वर्षी पत्नी बाळंतपणाला माहेरी होती. तिसऱ्या वर्षी आठवण झाली नाही असं मी म्हणत आलो, पण झाली होती. दोन वर्षांच्या खंडानंतर कोणत्या तोंडाने जायचं, हा संकोच होता. काकूंचा मुलगा तोवर कामाला सुरतेला गेला होता, त्यांचं आमच्याकडे शेतावर येणंही थांबलं होतं. संकोचाला मग कारणं मिळत गेली. आणि जिथे एक ताट होतं तिथे मी मांडव घातला.

प्रार्थनेत मला त्या रात्री शब्द सुचले नाहीत. एवढंच म्हणालो, की प्रभू, तू आप्पांना वाचवलंस त्याचे उपकार मी मानतो, आणि त्या माणसाला का नाही हे मला कळत नाही, ते मी तुझ्यापाशी ठेवतो. पण त्या घराचा रस्ता मला माहीत आहे.

दिवस होऊन तीन दिवस झाले होते. वल्हांडण चुकलेल्यांना गणना 9 मध्ये पुढच्या महिन्याची मुभा आहे, तेवढा आधार पुरे झाला. पत्नीने पुन्हा सगळं केलं. आजीचंच पितळी ताट काढलं, त्यावर रुमाल टाकला. मी आणि धाकटी निघालो. आप्पा म्हणाले, मी पण येतो. गुडघ्यांमुळे ते फार चालत नाहीत, दोन गल्ल्यांना आम्हाला पाऊण तास लागला. वाटेत दोनदा लोकांच्या ओट्यावर बसले.

काकू दारातच होत्या. ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आप्पांकडे. म्हणाल्या, "मला वाटलं, म्हातारी गेली अन् तुमचा सण मोठा झाला."

मी काय बोलणार? आत गेलो, बसलो. आप्पांनी जागा बदलल्याची गोष्ट त्यांना सांगितली. माझ्यासमोर, आणि नातीसमोर. काकूंनी ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुमच्या आईनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

आप्पांनी पदराच्या टोकासारखं उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं. इतकी वर्षं ते ज्याचं ओझं एकटे वाहत होते, ते आजी पहिल्याच ताटाबरोबर त्या घरी देऊन आली होती.

काकूंनी आधी चटणी चाखली, मग भाकरी मोडली आणि अर्धी धाकटीच्या हातात दिली. धाकटीने तोंड वाकडं करत कडुनिंब खाल्ला. तिने काकूंना विचारलं, आजोबा कसे होते? मी चाळीशी ओलांडली तरी हे कधी विचारलं नव्हतं. काकू बोलत बसल्या. ते बैलांशी बोलायचे. चहात गूळच लागायचा. आखाजीला झोका बांधायला त्यांना सगळीकडून बोलावणं यायचं, कारण त्यांची गाठ सुटायची नाही. त्यांचं नाव धाकटीने घरी येऊन आमच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर, जिथे आमच्या घरातले जन्म-मृत्यू लिहितो, तिथे आप्पांच्या शेजारी लिहिलं. इथे ते देत नाही. त्यांच्या मुलाला विचारल्याशिवाय देणार नाही, तो दिवाळीला सुरतेहून येईल.

निघताना काकू माझ्या पत्नीसाठी निरोप सांगत होत्या. पुढच्या वर्षी सांज्यात गूळ बेताचा घाल म्हणावं, मला साखरेचा त्रास आहे. आणि ताट दुपारी बाराच्या आत आण, उशिरा जेवलेलं पचत नाही. पत्नीने दोन्ही गोष्टी कॅलेंडरवर मे महिन्याच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. मांडववाल्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

उद्याचा शास्त्रभाग: यहोशवा 4.